गिअर आपण टाकायचा की गाडीने? फर्मागुडीच्या चढावर घेतलेला निर्णय

शोरूममधून टेस्ट ड्राइव्हला गाडी निघते ती बहुतेक वेळा सपाट, रुंद रस्त्यावर. दोन-तीन किलोमीटर पुढे जायचं, यू-टर्न घ्यायचा आणि परत. एसी थंडगार, गाडीत माणसं दोन, आणि शेजारी बसलेला मुलगा पूर्ण वेळ टचस्क्रीनबद्दल बोलतो. अशा रस्त्यावर मॅन्युअल आणि ऑटोमॅटिकमधला फरक कळत नाही. डाव्या पायाला काम नाही, एवढंच काय ते कळतं. आमच्या घरात गाडी एकच येणार होती आणि चालवणारे तिघे होते, त्यामुळे तेवढ्यावर निर्णय घेणं शक्य नव्हतं.

आम्ही गोव्यात, फोंड्याजवळच्या कवळ्याला राहतो. माझं ऑफिस पणजीत, आल्तिनोवर. फर्मागुडीचा चढ उतरायचा, मग म्हार्दोळ, भोम, बाणस्तारीचा पूल, जुने गोवे करत पणजी, आणि शेवटी आल्तिनोचा वळणावळणाचा चढ. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर होतात. नवरा वेर्ण्याला कंपनीच्या बसने जातो, तो सुट्टीच्या दिवशीच गाडी काढतो. सासऱ्यांनी उमेदीची सगळी वर्षं गिअरची गाडी चालवली. आता सत्तरीला आले, तरी सासूबाईंना डॉक्टरकडे नेणं, देवळात नेणं, बाजार करणं सगळं तेच करतात. आमची जुनी अल्टो पंधरा वर्षांची झाली. क्लच दोनदा बदलून झाला होता आणि पावसात दारातून पाणी आत यायला लागलं होतं.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आटोपली आणि आठवड्याभरात जीएसटीची बातमी आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२०० सीसीपर्यंतच्या आणि चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाड्यांवरचा कर २८ टक्के अधिक सेसवरून १८ टक्क्यांवर येणार होता. किमती उतरणार म्हटल्यावर आम्ही दसरा डोळ्यांसमोर ठेवला आणि गाड्या बघायला लागलो. वॅगनआर, स्विफ्ट, टियागो आणि नियॉस एवढीच यादी होती. चारही गाड्या मॅन्युअलमध्ये मिळतात आणि एएमटी म्हणजे गिअर आपोआप बदलणाऱ्या प्रकारातही.

एएमटी म्हणजे नेमकं काय, हे मला शोरूममध्ये कोणी नीट सांगितलं नाही. ते सांगितलं फोंड्यात आमची अल्टो ज्याच्याकडे जाते त्या मेकॅनिकने. त्याच्या टेबलावर एक एएमटीचा गिअरबॉक्स उतरवून ठेवलेला होता. त्याने मला हाताने दाखवलं, "बघा मॅडम, गिअरबॉक्स तोच आहे. आतली चाकं तीच, क्लचप्लेट तीच. तुमच्या गाडीत इथे केबल येते, ती तुमच्या हातातल्या दांड्याला जोडलेली. ह्याच्यात केबलच्या जागी हे बसवलंय." गिअरबॉक्सच्या डोक्यावर एक ओबडधोबड धातूचा ठोकळा होता, त्यातून वायरी निघत होत्या आणि बाजूला तेलाची छोटीशी टाकी. एक पंप त्या तेलाला दाब देतो, कंप्युटर सांगेल तेव्हा त्या दाबाने क्लच सुटतो, गिअर बदलतो आणि क्लच परत धरतो. आपण डाव्या पायाने आणि डाव्या हाताने जे करतो, तेच हे यंत्र करतं. पुढे मी एएमटी गाडीचं दार उघडलं तेव्हा बॉनेटखालून बारीक घरघर ऐकू आली. बिघाड आहे की काय असं वाटलं असतं, पण तोच पंप दाब भरून घेत होता.

माझ्या मते एएमटीबद्दलच्या निम्म्या तक्रारी ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळे होतात. लोक 'ऑटोमॅटिक' म्हणून ती घेतात आणि मोठ्या गाड्यांतल्या टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी प्रकारच्या ऑटोमॅटिकसारखी चालेल अशी अपेक्षा धरतात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये तेल असतं, सीव्हीटीत पट्टा आणि मागेपुढे होणाऱ्या पुली असतात. त्यामुळे गिअर बदलताना ओढ तुटत नाही. एएमटीत ती तुटतेच. क्लच सुटला की क्षणभर इंजिन मोकळं होतं आणि माणूस किंचित पुढे झुकतो. म्हापशाला नणंदेकडे होंडा अमेझची सीव्हीटी आहे. ती मी करासवाड्यापर्यंत चालवून पाहिली आणि गिअर कधी बदलला हे कळलंच नाही, कारण तिथे बदलायला ठरावीक गिअरच नसतात. गाडी सुरेख होती, पण आमच्या बजेटच्या बरीच वर. म्हणून प्रश्न मॅन्युअल की एएमटी, एवढाच उरला.

भारतात ही सोय छोट्या गाडीत पहिल्यांदा आली ती २०१४ मध्ये, मारुतीच्या सेलेरिओत. तोवर आपल्याकडे छोटी ऑटोमॅटिक म्हणजे महाग आणि पेट्रोल जास्त पिणारी, हे समीकरण पक्कं होतं. एएमटीने ते मोडलं, कारण मूळ गिअरबॉक्स तोच राहिला. कंपनीच्या आकड्यांत एएमटीचं ॲव्हरेज कधी कधी मॅन्युअलपेक्षा जास्तही दिसतं. स्विफ्टचं मॅन्युअलला २४.८० आणि एएमटीला २५.७५ किलोमीटर. कंप्युटर लवकर वरचा गिअर टाकतो, त्याचा हा परिणाम.

एक सेल्समन हाच आकडा पुढे करून म्हणाला, "मॅडम, जास्तीचे पैसे पेट्रोलमध्येच वसूल होतात." मी तिथेच मोबाइलवर हिशोब केला. माझं महिन्याचं चालणं पंधराशे किलोमीटर. आपल्या रस्त्यावर प्रत्यक्षात अठराचं ॲव्हरेज धरलं तर महिन्याला ८३ लिटर पेट्रोल. त्यात चार टक्के वाचले तर तीन-सव्वातीन लिटर, म्हणजे तीनशे रुपयांच्या आसपास. एएमटीसाठी जास्तीचे मोजायचे साधारण ५० हजार. ते वसूल व्हायला चौदा वर्षं लागतील. तेव्हा एएमटी घ्यायची तर पायासाठी आणि डोक्याच्या शांततेसाठी घ्यावी. पेट्रोलचं कारण स्वतःला सांगू नये.

आता मुख्य गोष्ट. टेस्ट ड्राइव्ह कुठे घ्यायची ते मी आधीच ठरवलं होतं. फर्मागुडीचा चढ, भोमची गर्दी आणि आमच्या घराची चढण. एका शोरूमने साफ नकार दिला, ठरलेला रस्ता सोडून गाडी नेता येत नाही म्हणाले. आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो. दुसरीकडे मॅनेजरने समजून घेतलं. "तासभर घ्या, शोरूमचा मुलगा सोबत येईल," म्हणाला. तिथून पुढे जिथे जिथे गेलो तिथे फोनवरच विचारून घेतलं: चढावर नेऊ द्याल का, आणि गाडीत चौघं बसवू द्याल का? चौघांची अट महत्त्वाची. एकट्या माणसाला घेऊन कुठलीही गाडी चढते.

पहिल्यांदा एक लिटर इंजिनाची एएमटी घेतली. म्हार्दोळहून फर्मागुडीकडे वळलो, गाडीत आम्ही चौघं, एसी चालू. पुढे कुंडईकडून आलेला मालाचा ट्रक रांगत होता. मी डॅशबोर्डवरच्या गिअरच्या आकड्याकडे लक्ष ठेवलं. चौथ्यात होती, ट्रकमागे वेग कमी झाला तशी तिसऱ्यावर आली. समोरचा रस्ता मोकळा दिसला म्हणून ॲक्सिलरेटर दाबला. गाडीने क्षणभर काहीच केलं नाही, मग आकडा ३ वरून २ झाला, इंजिन ओरडलं आणि मग कुठे ओढ आली. तोपर्यंत समोरून बस दिसायला लागली होती आणि मी परत ट्रकच्या मागे. बाबा, म्हणजे माझे सासरे, मागच्या सीटवरून म्हणाले, "मी असतो तर आधीच सेकंड टाकून ठेवला असता." त्यांचं बरोबर होतं. माणसाला पुढचा रस्ता दिसतो, आपण चढ बघून गिअर आधी टाकतो. एएमटीला दिसतो तो फक्त आपला पाय.

ह्यावर उपाय गाडीतच असतो, तो वापरायची सवय मात्र लावून घ्यावी लागते. दांडा बाजूला ओढला की मॅन्युअल मोड. मागे-पुढे ढकलून गिअर आपण ठरवायचा, क्लच गाडी सांभाळते. परत खाली जाऊन तोच चढ ह्या पद्धतीने घेतला. ट्रक दिसताच मीच दुसरा टाकला आणि रस्ता मोकळा झाल्यावर गाडी लगेच निघाली. उतरताना तर हा मोड मला फारच मोलाचा वाटला. चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना नुसत्या ब्रेकवर गाडी ठेवली तर ब्रेक तापतात. दुसऱ्यात किंवा तिसऱ्यात अडकवून ठेवली की इंजिनच गाडी धरतं.

दुसरी एक युक्ती त्या मेकॅनिकनेच शिकवली होती. गाडी गिअर बदलणार असं कानाला कळलं की ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित उचलायचा. मॅन्युअलमध्ये क्लच दाबताना आपण तेच करतो. असं केलं की पुढे झुकवणारा तो झटका जवळजवळ नाहीसा होतो. मला हे पहिल्या काही किलोमीटरमध्येच जमलं. नवऱ्याला जमेना, तो पाय तसाच दाबून ठेवी आणि आम्ही सगळे माना हलवत बसायचो. तरी शेवटी जुन्या गोव्यापर्यंत त्यालाही लय सापडली.

मग १.२ लिटरची एएमटी घेतली. इंजिन नव्वदच्या आसपास हॉर्सपॉवरचं, आधीचं सदुसष्टचं. त्याच चढावर, त्याच चौघांना घेऊन. गिअर बदलायला लागणारा वेळ तेवढाच, पण इथे गिअर बदलायची गरजच कमी पडली. तिसऱ्यातच गाडी ओढत राहिली. माझ्या अनुभवाने चढाच्या रस्त्यावर एएमटी घ्यायची तर मोठं इंजिनच घ्यावं. एक लिटरची घ्यायची असेल तर मॅन्युअल घ्यावी, ती हातात राहते. शोरूममध्ये आधी मॅन्युअल की ऑटोमॅटिक हे विचारतात आणि इंजिन मागाहून. क्रम उलटा असायला हवा.

भोमला मात्र एएमटीने मन जिंकलं. महामार्ग तिथे अरुंद होऊन घरांमधून जातो. संध्याकाळी सहाच्या सुमाराला पाच मीटर पुढे, थांबा, तीन मीटर पुढे, थांबा. अल्टोत ह्याच ठिकाणी माझा डावा गुडघा दुखायला लागायचा. इथे ब्रेक सोडला की गाडी आपोआप हळूहळू सरकते, ब्रेक लावला की थांबते. पर्वरीला तेव्हा उड्डाणपुलाचं काम चाललं होतं, तिकडून रोज येणाऱ्यांना हे सुख काय असतं ते वेगळं सांगायला नको. फक्त एक पथ्य. सरकताना क्लचप्लेट अर्धवट घासत असते, म्हणून तसंच मुंगीच्या पावलांनी सरकत राहू नये. पुढे थोडी जागा होऊ द्यावी, मग एकदम जावं. लांब थांबायचं असेल तर न्यूट्रल. आणि चढावर ॲक्सिलरेटर धरून गाडी उभी ठेवायची सवय कोणाला असेल तर ती सोडावी. मॅन्युअलमध्ये हाफ क्लचवर गाडी धरण्यासारखंच ते आहे, प्लेट जळते. चढावर थांबलो की ब्रेक किंवा हॅंडब्रेक, दुसरं काही नाही.

आता आमच्या घराची चढण. रस्त्यापासून अंगणापर्यंत तीव्र चढ आहे, वर जांभ्याची भिंत आणि मध्ये गटारावर टाकलेली काँक्रीटची लादी. जूनपासून दसऱ्यापर्यंत त्यावर शेवाळ असतं. वर गाडी वळवायला जागा नाही, म्हणून रिव्हर्समध्ये चढवावी लागते. अल्टो बाबा डोळे मिटून चढवतात. हाफ क्लच, थोडा ॲक्सिलरेटर, गाडी बोटभर बोटभर मागे जाते. टेस्ट ड्राइव्हची एएमटी त्यांनी चढवायला घेतली. ब्रेक सोडल्यावर नुसत्या सरकण्याच्या ताकदीने गाडी चढेना. ॲक्सिलरेटर दिला तर आधी काहीच नाही आणि मग एकदम उसळी. पुढचं चाक शेवाळावर फिरलं, सोबतच्या मुलाने श्वास रोखून धरला. बाबांनी शांतपणे ब्रेक लावला, गाडी खाली घेतली आणि म्हणाले, "हिच्यात पायाला कळत नाही, गाडी केव्हा धरणार ते."

यापेक्षा नेमकं मला कोणी सांगितलं नसतं. हळू, बेतशीर, इंच इंच हालचाल करायची असेल तिथे क्लचचा पेडल हे फार बारीक हत्यार आहे. फेरीबोटीच्या फळीवर गाडी चढवणं, अरुंद गल्लीत चढावर समांतर पार्क करणं, चिखलातून गाडी काढणं, ह्या सगळ्या ठिकाणी मॅन्युअल सरस. हे मला आजही मान्य आहे.

तासाभराच्या ड्राइव्हवर पन्नास हजार जास्तीचे घालणं पटत नव्हतं, म्हणून मग आम्ही गोव्यात सहज जमणारी एक गोष्ट केली. काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची, भाड्याची गाडी दिवसभरासाठी घेतली. आमच्या यादीतलीच एएमटी, पण साठ हजारांहून जास्त चाललेली. पर्यटकांच्या हातून फिरलेल्या गाडीचा क्लच कसा होतो तेही बघायचं होतं. ती नव्या गाडीपेक्षा जास्त झटके देत होती, सुरुवातीला सरकताना थरथरत होती. पण चालत होती. मेकॅनिकला दाखवली तर म्हणाला, प्लेट संपत आली आहे, मॅन्युअलमध्ये लागते तशीच इथेही बदलावी लागते, नंतर कंप्युटरला नवी प्लेट ओळखायला शिकवावं लागतं, म्हणून ते काम ज्याच्याकडे यंत्र आहे त्याच्याकडेच करायचं. बरं, पंप किंवा तो ठोकळा बिघडला तर खर्च मोठा. त्यासाठी वाढीव वॉरंटी घ्यायचं मी तिथेच ठरवलं.

त्या दिवशी भाड्याच्या गाडीने मी ऑफिसला गेले. आल्तिनोच्या वळणावर समोरून गाडी आली की चढावरच थांबावं लागतं. हिल होल्ड असल्यामुळे ब्रेक सोडल्यावर गाडी दोन-एक सेकंद मागे सरकली नाही, तेवढ्यात ॲक्सिलरेटरवर पाय आला. हे फीचर सगळ्या छोट्या गाड्यांच्या सगळ्या व्हेरिएंटमध्ये नसतं. एएमटी घेणाऱ्याने सनरूफ, मोठा स्क्रीन काही नसलं तरी चालेल, पण हे आहे ना ते कागदावर बघून घ्यावं. आणखी एक. एएमटीच्या बहुतेक गाड्यांना 'पी' नसतो. चढावर गाडी लावताना गिअरमध्ये ठेवून बंद करायची आणि हॅंडब्रेक घट्ट ओढायचा. हे बाबांना लगेच पटलं, कारण ते पहिल्यापासून तसंच करत आले आहेत.

संध्याकाळी परत आले तेव्हा पाय दुखत नव्हते. सासूबाईंनी तेवढ्यावरच निकाल दिला. नवरा म्हणाला, रोज साठ किलोमीटर जी चालवते तिचं मत मोठं. बाबा दोन दिवस काही बोलले नाहीत. मला त्यांचं मन मोडून गाडी घ्यायची नव्हती. मग एका सकाळी ते स्वतःच भाड्याच्या गाडीवर करून पाहिलेली रीत सांगायला लागले: रिव्हर्स टाकायचा, हॅंडब्रेक ओढलेला ठेवायचा, ॲक्सिलरेटर हळू द्यायचा, गाडी ताणल्यासारखी वाटली की क्लच धरलाय असं समजायचं आणि मगच हॅंडब्रेक सोडायचा. भाड्याची गाडी परत करण्याआधी पहाटे उठून त्यांनी एकट्याने ती चढण करून पाहिली होती. "जमतं," म्हणाले, "पण ते शेवाळ काढायला पाहिजे."

१.२ लिटरची एएमटी आम्ही बुक केली. शोरूमला लेखी सांगितलं की आमची स्वतःची गाडी पासिंगला जाण्याआधी एकदा चढावर चालवून बघणार. आणि बाबांनी गवंड्याला बोलावून चढणीवरची जुनी लादी फोडून घेतली. नव्या काँक्रीटला वीतभर अंतरावर आडवे चर पाडले आहेत, चाकाला पकड मिळावी म्हणून. त्यावर ओली पोती टाकून ठेवली, दसऱ्यापर्यंत ते नीट पक्कं व्हायला हवं होतं.